मुलगा घरूनच काम करतो

स्थळ बघायला आलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मुलगा काय करतो? शिक्षक आहे, एसटीत आहे, सौदीला आहे, गॅरेज आहे, भाजीचा गाळा आहे, यातले कोणतेही उत्तर मिळाले की पुढची बोलणी सुरू होतात. गेल्या काही वर्षांत आमच्या कानावर एक नवे उत्तर येऊ लागले आहे. "मुलगा कॉम्प्युटरवर काम करतो. घरूनच." हे ऐकले की मुलीकडचे मामू चहाचा कप खाली ठेवून विचारतात, "घरूनच म्हणजे? ऑफिस कुठे आहे?" ऑफिस नाही म्हटल्यावर पगार विचारतात. पगार असा नाही, दर महिन्याला वेगळी रक्कम येते म्हटल्यावर दुआ-सलाम होतो आणि मंडळी उठतात.

या महिन्यात आम्हाला त्या मुलाविषयी आणि त्याने मांडलेल्या नव्या संसाराविषयी लिहायचे आहे. असा मुलगा आता एखाददुसऱ्या घरातला अपवाद राहिलेला नाही. नेहमीच्या नोकरीबाहेर, काम मिळेल तसे करून कमावणाऱ्यांचा हिशोब नीती आयोगाने २०२२ साली मांडला. २०२०-२१ मध्ये देशात असे ७७ लाख लोक होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्यात पार्सल पोचवणारे आले, टॅक्सी चालवणारे आले आणि घरी बसून दुसऱ्याच्या वेबसाइट बनवणारेही आले.

आमची घोटी हे भाताचे गाव. इगतपुरी तालुक्याचा भात इथल्या बाजारात येतो, इथल्या राईस मिलमध्ये भरडला जातो आणि ट्रकने बाहेर जातो. मुंबई-आग्रा महामार्ग गावाला लागून, रेल्वे स्टेशन गावात आणि आता समृद्धी महामार्गही जवळून गेलेला. त्यामुळे इथल्या मुलांना रोजगार म्हटले की मिल, हमाली, ट्रक, हॉटेल किंवा नाशिकची कंपनी एवढेच दिसत आले. आमचा एक जुना विद्यार्थी मात्र या रस्त्यांपैकी कोणत्याच रस्त्याने गेला नाही. त्याचे नाव लिहीत नाही, कारण घरातली गोष्ट आहे. नाशिकला एका छोट्या ऑफिसात तो वेबसाइट बनवायला शिकला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ते ऑफिस बंद पडले आणि तो लॅपटॉप घेऊन घोटीला परत आला. घराच्या माळ्यावर पूर्वी भाताची पोती ठेवत. तिथे त्याने टेबल मांडले. आज तो, त्याची बीवी आणि एक लहान मुलगी यांचा संसार त्या माळ्यावर चालतो.

वडीलधाऱ्यांसाठी आधी हे काम काय असते ते सांगतो. दुकानाला जशी पाटी लागते, वखार लागते, गिऱ्हाइकाशी बोलणारा माणूस लागतो, तसे इंटरनेटवर दुकान, दवाखाना किंवा शाळा मांडायची तर वेबसाइट लागते. ती बांधणारा हा कारागीर. त्याला डोमेन म्हणजे नाव आणि होस्टिंग म्हणजे जागा विकत घ्यावी लागते, आणि दोन्हींचे भाडे दरवर्षी भरावे लागते. बांधायची अवजारे मात्र बरीचशी फुकट आहेत. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी वेबचे तंत्र सगळ्या जगासाठी मोफत खुले केले. २००३ साली आलेले वर्डप्रेस हे सॉफ्टवेअरही मोफत आहे आणि आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर उभ्या आहेत. म्हणूनच भांडवल नसलेल्या घरातला मुलगा एका लॅपटॉपवर हा धंदा सुरू करू शकतो.

काम मिळते कसे? काही ओळखीतून, काही अपवर्क किंवा फायव्हर यांसारख्या बाजारांतून. हे बाजार म्हणजे आपल्या मार्केट यार्डातल्या आडत्यांसारखेच. माल कारागिराचा, गिऱ्हाईक परदेशातले, आणि मधला आपली दलाली कापून घेतो. सुरुवातीला ती दलाली सोसावी लागते, कारण नवख्याला ओळखणारे कोणी नसते. चार कामे चोख झाली की गिऱ्हाइके एकमेकांना नाव सांगतात.

शिकायला मोठे कॉलेज लागते का? राजस्थानातल्या अलवरचे इमरान खान हे संस्कृत शाळेतले शिक्षक. कॉम्प्युटरचे शिक्षण त्यांनी कोणत्याही कॉलेजात घेतले नाही, पुस्तके वाचून आणि इंटरनेटवर बघून शिकले. विद्यार्थ्यांसाठी पन्नासहून अधिक अ‍ॅप बनवून त्यांनी ती मोफत दिली. नोव्हेंबर २०१५ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियममधल्या भाषणात पंतप्रधानांनी त्यांचे नाव घेतले, तेव्हा देशाला ते माहीत झाले. आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचे दादासाहेब भगत. इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय म्हणून काम करता करता ते अ‍ॅनिमेशन आणि डिझाइन शिकले. लॉकडाऊनमध्ये गावी परतले आणि गुरांच्या गोठ्यात टेबल मांडून त्यांनी डूग्राफिक्स हा आपला उद्योग चालवला. पुढे टीव्हीवरच्या शार्क टँक कार्यक्रमात त्यांना १० टक्के भागीदारीच्या बदल्यात एक कोटी रुपयांचा सौदा मिळाला.

अशी उदाहरणे वाचून मुले पेटतात, हे चांगलेच. पण आम्ही शाळेत मुलांना सांगतो की कोटीचा सौदा हजारात एखाद्याला मिळतो. बाकीच्यांना महिन्याचा किराणा भरायचा असतो आणि धंद्याची खरी परीक्षा तिथेच होते.

आमच्या विद्यार्थ्याचेच बघा. गिऱ्हाइकांच्या कामाबरोबर त्याने स्वतःचे उद्योगही करून पाहिले. कळसूबाई चढायला आणि भंडारदरा बघायला येणारे कितीतरी लोक घोटीवरून जातात. त्यांच्यासाठी खोल्या आणि वाटाड्यांची माहिती देणारी साइट त्याने काढली. पावसाळ्यात लोक बघायचे, उरलेले आठ महिने शुकशुकाट. मग घोटीचा तांदूळ इंटरनेटवर विकायला काढला. पाच किलोच्या पिशवीला कुरिअरचा खर्च नफ्यापेक्षा जास्त होऊ लागला, तेव्हा तेही बंद केले. टिकले ते तिसरेच. ज्या दवाखान्यांच्या, शाळांच्या, हॉटेलांच्या साइट त्याने बांधल्या होत्या, त्यांची वर्षभराची देखभाल त्याने ठरलेल्या रकमेवर अंगावर घेतली. एका साइटचे वर्षाला सहा हजार धरले तरी बारा साइटचे बहात्तर हजार होतात. त्याच्या अम्मी त्याला "भाडं आलं" म्हणतात, आणि ते खरेच आहे. मोठे काम आले नाही तरी एवढे येतेच.

एकदा तो फसलाही. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने साइट चालू करून घेतली आणि पस्तीस हजार बाकी ठेवून फोन उचलणे बंद केले. लिहून काहीच घेतलेले नव्हते. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, हा हुकूम सूरह बकरामध्ये इतक्या तपशिलाने आलेला आहे, आणि आपण दोस्तीखात्यात तोच विसरतो. त्यानंतर त्याचा नेम ठरला आहे : काम काय, किती दिवसांत, किती पैशांत हे आधी लेखी, चाळीस टक्के रक्कम आगाऊ, आणि पूर्ण पैसे मिळाल्यावरच साइटच्या चाव्या गिऱ्हाइकाच्या हातात.

निकाहाच्या वेळी मामला अडला तो पगारपत्रकावर. मुलीचे अब्बा मालेगावचे, यंत्रमागावर आयुष्य काढलेले. त्यांनी स्वच्छ सांगितले, "मुलगा चांगला आहे, पण आज आहे आणि उद्या नाही अशा कमाईवर मुलगी कशी देऊ?" त्यांचे काही चुकले असे आम्हाला वाटत नाही. बापाने विचारायलाच हवे. मुलाने उत्तर तोंडी दिले नाही. तीन वर्षांची आयकर रिटर्न आणि बँकेचे खातेउतारे त्यांच्यापुढे ठेवले. महिन्यांची रक्कम खालीवर होती, पण वर्षांची बेरीज वाढत गेलेली दिसत होती. अब्बांनी ती कागदपत्रे ओळखीच्या एका हिशेबनिसाला दाखवली आणि चौथ्या दिवशी होकार कळवला. मेहर दोन्ही घरांनी परवडेल तेवढीच ठरवली आणि मुलाने ती निकाहाच्या दिवशीच रोख दिली. पुढे देऊ म्हणून राहिलेल्या मेहरची काय गत होते ते आपल्याला माहीत आहे.

रिटर्नविषयी थोडे सविस्तर, कारण आपल्या घरांत हा भाग कच्चा राहतो. "आपल्याला कर कुठे लागतो?" म्हणून मुले रिटर्न भरतच नाहीत. माहिती तंत्रज्ञानासारख्या व्यवसायांसाठी १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४४एडीए आले, त्यात अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. वर्षाची एकूण जमा ५० लाखांच्या आत असेल तर तिच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते, आणि मोठी हिशेबवही ठेवावी लागत नाही. समजा वर्षात सहा लाख आले, तर उत्पन्न तीन लाख. जीएसटीची नोंदणीही सेवा देणाऱ्याला साधारणपणे वर्षाच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही. नवा कायदा आल्यावर कलमांचे क्रमांक बदलतात, म्हणून दरवर्षी सीएला विचारून घ्यावे. कर शून्य आला तरी रिटर्न भरावे. घरासाठी बँकेत जा, व्हिसासाठी जा किंवा मुलीच्या अब्बांपुढे जा, नोकरी नसलेल्या माणसाची पगाराची चिठ्ठी म्हणजे त्याचे रिटर्न.

आता घरखर्च. एका महिन्यात नव्वद हजार येतात, दुसऱ्यात पंधरा, तिसऱ्यात काहीच नाही. नव्वद आले त्या महिन्यात नवा फोन, दावत, नाशिकची खरेदी, आणि तिसऱ्या महिन्यात दूधवाल्याची उधारी. ही तऱ्हा आम्ही अनेक घरांत पाहिली. वास्तविक आपल्या भागातल्या माणसाला हे नवीन नाही. भाताचे पीक वर्षातून एकदा हातात येते. आवणीच्या वेळी खर्च होतो, पैसा दिवाळीच्या आसपास दिसतो, आणि शहाणा शेतकरी त्यातून बियाणे आधी बाजूला काढतो. आमच्या विद्यार्थ्याने तीच रीत धरली. जमा झालेली सगळी रक्कम एका खात्यात. त्यातून तो स्वतःला दर महिन्याच्या पाच तारखेला ठरलेला पगार देतो, समजा पंचवीस हजार. जास्त आले म्हणून पगार वाढत नाही, कमी आले म्हणून घटत नाही. उरलेल्यातून आधी डोमेन, होस्टिंग आणि कराची रक्कम बाजूला निघते. मग सहा महिन्यांचा घरखर्च भरेपर्यंत शिल्लक वाढवायची. जकातीचा हिशोबही यामुळे सोपा झाला, कारण कुठे किती आहे ते एका कागदावर दिसते.

बाळ येणार हे कळले तेव्हा या शिल्लकीचा उपयोग झाला. कायद्याने, दहा किंवा जास्त माणसे असलेल्या ठिकाणी नोकरी करणाऱ्या बाईला पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यालाही १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. घरून काम करणाऱ्याला रजा देणारा कोणी नाही, ती त्याने स्वतःच साठवायची. त्याने गिऱ्हाइकांना दोन महिने आधी कळवले, तातडीची कामे उरकली आणि प्रसूतीनंतरचे तीन आठवडे लॅपटॉप फक्त सकाळी एक तास उघडला.

पण खरी कसोटी त्याच दिवसांत आली. मुलगी वीस दिवसांची होती, सिझेरियनच्या बिलाने शिल्लक अर्धी झालेली. एका ओळखीच्याने काम आणले : पैसे लावून पत्ते खेळायची साइट. दीड लाख, त्यातले पंचाहत्तर हजार लगेच. "तुला खेळायचे नाही, फक्त बांधायचे आहे," असे त्याला समजावले गेले. त्याने दोन रात्री विचार केला आणि नाही म्हणून कळवले. घरात कोणाला सांगितले नाही. बीवीला कळले ते चार महिन्यांनी, जुने मेसेज बघताना. तिने आम्हाला सांगितले, "सर, त्या दिवसांत मीच त्यांच्यावर चिडत होते, कामं का येत नाहीत म्हणून. यांनी एका शब्दाने सांगितलं नाही."

ही गोष्ट कायदा होण्याच्या थोडी आधीची आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. आता असा खेळ चालवणे, त्याची जाहिरात करणे आणि त्याचे पैसे फिरवणे हा गुन्हा आहे. त्याने मात्र पोलिसांच्या भीतीने नाही म्हटले नव्हते. जुगाराची भिंत बांधणारा गवंडी हात धुऊन मोकळा होत नाही, एवढेच त्याला वाटले. त्या दीड लाखाची जागा भरायला त्याला पाच महिने लागले. ते पाच महिने त्या घराने काढले, याची आम्हाला कदर वाटते.

बीवीच्या बोलण्यातून मात्र दुसरी गोष्टही निघते. धंद्यात काय चालले आहे ते घरात सांगायला हवे. सांगितले असते तर तिने चिडण्याऐवजी साथ दिली असती. आता दोघे महिन्यातून एकदा वही घेऊन बसतात. कोणाचे येणे आहे, कोणते काम संपत आले, पुढे काय दिसते. ती मालेगावच्या उर्दू शाळेत बारावी झाली आहे, एमएस-सीआयटी केली आहे. थकलेल्या पैशांची आठवण गिऱ्हाइकांना आता तीच पाठवते. त्याने निकाहपत्रिकांची एक छोटी साइट केली होती, मराठी आणि उर्दू दोन्हींत. तिने ती फोनवर उघडली आणि म्हणाली, "ही उर्दू आमच्या घरात कोणी वाचणार नाही." अक्षरे नस्ख वळणाची होती, अरबी किताबांसारखी. उर्दू वाचणाऱ्याच्या डोळ्याला नस्तालीक लागते. गूगलचा नोटो नस्तालीक नावाचा फॉन्ट मोफत मिळतो, तो बसवला आणि ओळ उजवीकडून सुरू होईल अशी दुरुस्ती केली. त्यानंतर मालेगाव, भिवंडीकडून पत्रिकांची कामे येऊ लागली. लेकीला शिकवून काय करायचे, असे विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता घरातल्या बाकीच्या मंडळींसाठी. मुलगा डोळ्यांपुढे असतो म्हणून तो रिकामा आहे असे धरू नका. दळण टाकून ये, सिलिंडर आलाय, फुफीला स्टेशनवर सोड, अशा चार कामांत त्याचा दिवस जातो आणि मग तो रात्री जागतो. तशीही रात्र त्याला सुटत नाही. न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात तेव्हा घोटीत उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेआठ झालेले असतात. अमेरिकेच्या गिऱ्हाइकाशी बोलायची वेळ आणि घरात एकत्र जेवायची वेळ एकच येते. पावसाळ्यात इथे वीज आणि नेटवर्क जाते ते वेगळेच, त्यासाठी इन्व्हर्टर आणि दोन कंपन्यांची सिमकार्डे ठेवावी लागतात. या घरात तोडगा असा निघाला : सकाळी दहा ते दीड माळ्यावर कोणी जायचे नाही, आणि आठवड्यातले तीनच दिवस रात्रीचे कॉल. बाकीच्या रात्री लॅपटॉप बंद.

त्या मुलालाही आमचे सांगणे आहे. "काम आहे" हे दोन शब्द ढाल म्हणून वापरू नकोस. बाळ रात्री तीनदा उठते तेव्हा आईचीही झोप मोडलेली असते, आणि तिला कॉल संपल्यावर मिळणारी सुटी नसते. घरून काम करणाऱ्या बापाला एक नेमत मिळालेली आहे. सौदीतला बाप लेकराचे पहिले पाऊल फोनवर पाहतो. तू जिना उतरलास की ते तुझ्यापुढे टाकले जाते. तेव्हा तुझी नजर स्क्रीनवर असेल, तर माळ्यावर असलास काय आणि जेद्दात असलास काय.

ज्यांच्या घरी असे स्थळ आले आहे त्यांनी मुलाला ऑफिसचा पत्ता विचारण्याऐवजी हे विचारावे. तीन वर्षांची रिटर्न आहेत का? काम बंद पडले तर किती महिने घर चालेल एवढी शिल्लक आहे? दरवर्षी ठरलेले येणारे काम किती? कर्ज किती, कशासाठी? कोणते काम आले तर तू नाही म्हणशील? शेवटच्या प्रश्नाला तो अडखळला तर त्याला थोडा वेळ द्या, आणि उत्तर नीट ऐका. मुलीलाही त्या बैठकीत बसवा. तिला वही वाचता येते, आणि पुढे ती वही तिलाच सांभाळायची आहे.